प्रिंटर सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही घरी चिनीमातीचे मग आणि सुगंधी मेणबत्त्या तयार करून ऑनलाइन विकता. आठवड्याला वीस-पंचवीस पार्सलं जातात. टपालाच्या खिडकीपाशी रांगेत दिवस जातो म्हणून महिनाभरापूर्वी पैसे ऑनलाइन भरून लेबल घरीच छापायला सुरुवात केली. साध्या ए-फोर कागदावर छापता, कापता आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी मारता. त्या एका महिन्यात सहा पार्सलांवर वजनातल्या फरकाचे पैसे मागाहून कापले गेले, दोन पार्सलं बारकोड वाचला गेला नाही म्हणून परत आली आणि तीन मग फुटले. आता तुम्ही विचारताय की चांगला लेबल प्रिंटर कोणता घ्यावा.

प्रिंटरचं सांगते, पण थोडं थांबून. गेली बारा वर्षं मी घरातल्या एका टेबलावरून पार्सलं पाठवते आहे आणि तुमच्या यादीतली एकही तक्रार मला नवी नाही. त्या अकरा पार्सलांपैकी नव्या प्रिंटरने वाचली असती अशी फार तर दोन, आणि तीही आहे त्याच प्रिंटरवर वाचवता आली असती.

खिडकीवर पार्सल नेत होता तेव्हा पलीकडे एक माणूस बसलेला असायचा. तो वजन करायचा, खोकं मोठं वाटलं तर टेप लावून मोजायचा, आत काय आहे विचारायचा, पत्त्यावर एकदा नजर टाकायचा. घरी लेबल छापता तेव्हा ही चारही कामं तुमच्याकडे येतात. लेबल म्हणजे तुम्ही लिहून दिलेला जबाब असतो: वजन इतकं, माप इतकं, आत ही वस्तू, जायचं या ठिकाणी. पुढे वर्गीकरण केंद्रात सरकत्या पट्ट्यावरून जाताना यंत्र त्याच खोक्याचं वजन आणि लांबी-रुंदी-उंची पुन्हा घेतं. तुमचे आकडे आणि यंत्राचे आकडे जुळले नाहीत की फरक तुमच्या खात्यातून जातो. कोणी फोन करून विचारत नाही.

म्हणून माझ्या टेबलावरचा पहिला नियम: खोकं पूर्ण बंद होऊन त्यावर शेवटची चिकटपट्टी बसल्याशिवाय लेबल विकत घ्यायचं नाही. ऑर्डर आली की उत्साहाने आधी लेबल छापायचं आणि मग त्या वजनात बसेल असं खोकं शोधायचं, ही सवय बहुतेकांना असते. मलाही होती. सहा पार्सलांचे पैसे तुमचे तिथेच गेले असणार.

वजनापासून सुरुवात करू. मगचं वजन तुम्हाला माहीत असतं, पार्सलचं नसतं. पुठ्ठ्याचं खोकं, आतला कागद, बबल रॅप, चिकटपट्टी, पावती, लेबल हे सगळं मिळून दीड-दोनशे ग्रॅम सहज होतात. दर बहुधा टप्प्यांनी वाढतात. अर्ध्या किलोचा टप्पा असेल तर ४९० ग्रॅम आणि ५१० ग्रॅम यांत वीस ग्रॅमचा नाही, एका अख्ख्या टप्प्याचा फरक पडतो. अशा काठावरच्या पार्सलला मी सरळ वरचा टप्पा लावते, किंवा पावती लहान कागदावर छापून, जास्तीची पट्टी काढून खरोखरच खाली आणते. काट्यावर ५०० दाखवतंय म्हणून ५०० लिहिणं धोक्याचं, कारण तुमच्या आणि त्यांच्या काट्यात दोन-चार ग्रॅमचा फरक असणारच.

काटा महागडा लागत नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच ते दहा किलो पेलणारा पुरे. मोठं खोकं ठेवलं की आकडेच झाकले जातात, ही सगळ्यांची अडचण. त्यावर उपाय सोपा आहे: काट्यावर एक वाडगा पालथा ठेवा, शून्य करा, मग वाडग्यावर खोकं ठेवा. आणि महिन्यातून एकदा काटा तपासा. रिकामं भांडं ठेवून शून्य करा, त्यात मोजपात्राने बरोबर एक लिटर पाणी ओता. एक किलोच्या अगदी जवळ आकडा आला पाहिजे. बॅटरी उतरत आली की काही काटे आधी चुकायला लागतात आणि मग बंद पडतात. त्या मधल्या दिवसांतली पार्सलं तुमचा खिसा कापतात.

आता माप. नवख्यांना सगळ्यात मोठा धक्का बसतो तो इथे. कुरियर कंपन्या पार्सलचं नुसतं वजन पाहत नाहीत, ते गाडीत आणि विमानात किती जागा अडवतं तेही पाहतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. आलेला आकडा म्हणजे किलोमध्ये घनमापी वजन. काही सेवांमध्ये ५००० च्या जागी ६००० किंवा ४००० असतो, म्हणून तुमच्या सेवेचा भाजक एकदा पाहून टेबलासमोर लिहून ठेवा. खरं वजन आणि घनमापी वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे लागतात.

तुमच्याच मगवर हे करून पाहू. मग कानासकट १२ बाय ९ बाय १० सेंटिमीटर धरू. चारही बाजूंनी, वर आणि खाली ५ सेंटिमीटर गादी ठेवली तर खोकं २२ बाय १९ बाय २० चं होतं. गुणाकार ८३६०, घनमापी वजन १.६७ किलो. प्रत्यक्षात ते पार्सल सहाशे-सातशे ग्रॅमचं आहे, पण अर्ध्या किलोच्या टप्प्यात तुम्ही दोन किलोचे पैसे भरता. गादी ४ सेंटिमीटरवर आणली तर खोकं २० बाय १७ बाय १८ चं, घनमापी १.२२, म्हणजे दीड किलोचा टप्पा. आणि घरात पडलेलं ३० बाय २५ बाय २० चं खोकं वापरलंत तर थेट तीन किलो. मग तोच, खोकी तीन, पैसे दीड, दोन आणि तीन किलोंचे.

मोजपट्टी खोक्याच्या बाहेरून लावायची आणि जिथे जास्तीत जास्त फुगलं आहे तिथे लावायची. ३० बाय २० बाय १२ च्या खोक्याचं घनमापी वजन १.४४ किलो. झाकण जोर लावून बंद केल्यामुळे मध्यभागी एक सेंटिमीटर फुगवटा आला की उंची १३, गुणाकार ७८००, वजन १.५६, आणि पार्सल दोन किलोच्या टप्प्यात. यंत्राला फुगवटा दिसतो. खोक्यावर कारखान्याने छापलेलं माप बऱ्याचदा आतलं असतं, ते उतरवून घेऊ नका.

त्यामुळे खोकी गोळा करण्यापेक्षा खोकी ठरवून घ्या. एक मग, दोन मग, चार मग, मेणबत्तीची जोडी अशा तुमच्या नेहमीच्या ऑर्डरी किती प्रकारच्या आहेत ते बघा आणि तीन किंवा चार मापांची खोकी एकगठ्ठा आणा. प्रत्येक मापाची एक चिठ्ठी करा: बाहेरचं माप, घनमापी वजन, रिकाम्या खोक्याचं वजन. मग रोजचं मोजमाप संपतं, फक्त वजन करायचं आणि फुगवटा आहे का ते पाहायचं. मी हे करायला तीन वर्षं लावली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

फुटलेल्या मगांकडे वळते, कारण पैशांचा फरक सोसता येतो पण तुम्ही हाताने घडवलेली वस्तू तुकड्यांत पोचली की ग्राहकाला आणि तुम्हाला दोघांनाही लागतं. मगात दोन नाजूक जागा असतात, कान आणि काठ. आधी मगाच्या पोटात चुरगळलेला कागद घट्ट भरा, म्हणजे बाहेरून दाब आला तर भिंतीला आतून आधार मिळतो. मग कानाच्या पोकळीतून कागदाची गुंडाळी घालून कान वेगळा बांधा आणि त्यानंतर सगळ्या मगाला बबल रॅप, बुडबुडे आतल्या बाजूला ठेवून. एका खोक्यात दोन मग असतील तर दोघांचं गुंडाळणं वेगवेगळं आणि मध्ये पुठ्ठ्याची उभी भिंत. मातीवर माती आपटली तर बाहेरची गादी कितीही जाड असो, उपयोग नाही.

गादी किती, हा प्रश्न राहतो. नाजूक वस्तूभोवती ५ सेंटिमीटर हा सर्वमान्य नियम आहे आणि तो चांगला आहे. पण वर पाहिलं तसं तो तुम्हाला वरच्या टप्प्यात ढकलू शकतो. माझं मत असं की सैल ५ सेंटिमीटरपेक्षा घट्ट ४ सेंटिमीटर बरे, मात्र खोकं चांगल्या जाड नालीदार पुठ्ठ्याचं आणि नवं हवं. खोकं बंद करून कानाशी धरा आणि जोरात हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला, नुसती जाणीव जरी झाली, तरी उघडा आणि भरा. कागदाची भर प्रवासात दबते, म्हणून झाकण लावताना किंचित दाब जाणवेल इतकी भरायची, फुगेल इतकी नाही. हा अंदाज हाताला दहा-बारा पार्सलांत येतो.

खोकं पुन्हा वापरण्याबद्दल: कपडे, कापडी पिशव्या, मऊ वस्तू खुशाल जुन्या खोक्यातून पाठवा. मगांसाठी नको. नालीदार पुठ्ठ्याची ताकद त्याच्या उभ्या नाल्यांत असते. एकदा दबल्या, कोपरा मऊ पडला किंवा दमट हवेत पुठ्ठ्याने ओल धरली की ती ताकद परत येत नाही. खोकं कापून लहान करत असाल तर नाल्या उभ्याच राहतील असं कापा, आडव्या झाल्या तर वरच्या ओझ्याखाली ते सहज चेपतं. बंद करताना साधारण ५ सेंटिमीटर रुंदीची चिकटपट्टी मधल्या फटीवरून आणि दोन्ही टोकांच्या फटींवरून, वरही आणि खालीही. खालची बाजू लोक विसरतात, आणि खोकं उघडतं तिथूनच.

हे सगळं जमलंय की नाही ते ग्राहकाच्या दारात कळण्यापेक्षा घरी कळू द्या. इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशनची पॅकिंगची एक मूलभूत चाचणी आहे. साधारण साडेनऊ किलोपर्यंतचं पार्सल ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकायचं: एकदा एका कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. ७६ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम टेबलाची उंची. भट्टीत डाग पडलेला किंवा रंग बिघडलेला एखादा मग तुमच्याकडे असेलच. तो तुमच्या नेहमीच्या पद्धतीने बांधा, दहाही वेळा टाका आणि उघडून पाहा. माझ्याकडे एका काचेच्या वस्तूच्या बाबतीत सातव्या वेळेला काच गेली. खालच्या बाजूची गादी कमी होती, वरची नको तितकी. ग्राहकांच्या तक्रारींवरून मला ते कधीच उमगलं नसतं.

मेणबत्त्यांचं दुखणं वेगळं. त्या फुटत नाहीत, मऊ होतात. उन्हात उभ्या गाडीत मेण बसकं होतं आणि वात कलते. काचेतली मेणबत्ती असेल तर झाकण पट्टीने बंद करून एक बंद पिशवी, म्हणजे मेण सुटलं तरी खोकं भिजणार नाही. कडक उन्हाच्या दिवसांत आठवड्याच्या शेवटी मी अशी पार्सलं देत नाही, कारण सुट्टीचे दोन दिवस ती कुठल्यातरी गोदामात पडून राहतात.

आता ती परत आलेली दोन पार्सलं. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा अंदाज दोन कारणांवर जातो. पहिलं, छापताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला असणार. तो लेबल काही टक्के लहान करतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण बारकोडच्या बारीक रेघा प्रिंटरच्या ठिपक्यांशी जुळेनाशा होतात आणि जाडी बिघडते. छापताना 'मूळ आकार' किंवा १०० टक्के निवडा. नेहमीचं लेबल ४ बाय ६ इंचांचं असतं, म्हणजे जवळपास १० बाय १५ सेंटिमीटर. छापून झाल्यावर पट्टीने मोजा. रुंदी सव्वानऊ भरली तर काय झालं ते कळलं.

दुसरं कारण वरून मारलेली चिकटपट्टी. चकचकीत पट्टीवरून स्कॅनरचा प्रकाश परावर्तित होतो, आणि पट्टीला सुरकुती पडली असेल तर ती बारकोडमधली आणखी एक रेघ ठरते. कागदी लेबल असेल तर बारकोड सोडून फक्त चारही कडांवर पट्टी लावा, किंवा मागे गोंद असलेला पारदर्शक खिसा वापरा. इंकजेटची शाई पाण्याने पसरते, म्हणून पावसाळी दिवसांत खिसाच बरा. लेबल खोक्याच्या सगळ्यात मोठ्या सपाट बाजूवर, फटीवर नाही, कडेवरून दुमडलेलं नाही. बारकोडच्या दोन्ही टोकांना जी पांढरी मोकळी जागा असते ती कापू नका. स्कॅनरला बारकोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते त्या जागेवरूनच कळतं. आणि जुन्या खोक्यावर आधीचं लेबल असेल तर ते काढा किंवा काळ्या मार्करने पूर्ण झाका. यंत्र दोन बारकोडांत निवड करत नाही, जो आधी दिसेल तो वाचतं.

इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे लेबलाची किंमत कळेल. पूर्वी तिकीट चिकटवायचं, मग फ्रँकिंग मशीनचा ठसा आला, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने इंटरनेटवर पैसे भरून टपालखर्चाचं चिन्ह घरच्या प्रिंटरवर छापायला परवानगी दिली. घरी छापलेल्या कागदाची झेरॉक्स कोणीही काढू शकतो, म्हणून प्रत्येक छापील चिन्हात एकमेव क्रमांक असतो. तुमच्या आजच्या लेबलाचंही तेच. कागद अडकला, शाई पसरली तर तेच लेबल पुन्हा छापायला हरकत नाही, नवं विकत घेऊ नका. पण एका लेबलाच्या दोन प्रती दोन पार्सलांवर गेल्या तर दुसरं पार्सल अडतं, आणि त्यावर खुलासा मागितला जातो. अर्धवट छापलेली प्रत लगेच फाडून टाका.

आता प्रिंटर. आठवड्याला वीस-पंचवीस पार्सलं असतील तर थर्मल लेबल प्रिंटर घ्यावा असं माझं मत आहे. पाच-सात असती तर आहे त्या प्रिंटरवर गोंदाचे अर्ध्या पानाचे कागद लावायला सांगितलं असतं. (ते लेझर प्रिंटरमध्ये घालत असाल तर एक अर्धं लेबल काढून झालेला कागद पुन्हा आत घालू नका. उघडा गोंद आतल्या गरम रोलरला लागतो आणि प्रिंटरच जातो.) थर्मल प्रिंटरला शाई लागत नाही, कागदावरच उष्णतेने काळा होणारा लेप असतो. २०३ डीपीआयचा, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपक्यांचा प्रिंटर पार्सलच्या लेबलांना पुरतो. ३०० डीपीआय दागिन्यांच्या चिमुकल्या चिठ्ठ्या छापायच्या असतील तर. कंपनी कोणती यापेक्षा तीन गोष्टी पाहा: कुठल्याही कंपनीचे लेबल रोल चालतात का, तुमच्या संगणकासाठी ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) आहे का, आणि तुम्ही जिथून लेबल घेता तिथे ४ बाय ६ ची पीडीएफ मिळते का. स्वतःचाच महागडा रोल लागणारा प्रिंटर घेऊ नका.

आणल्यावर पहिल्या दिवशी कागदाचं माप ड्रायव्हरमध्ये बदला, नाहीतर तो एक लेबल छापेल आणि दोन कोरी बाहेर टाकेल. लेबल बदललं की कॅलिब्रेशन करा, म्हणजे दोन लेबलांमधली फट त्याला ओळखता येते. छपाई फिकी वाटली तर काळेपणा वाढवण्याआधी वेग कमी करून पाहा. छापलेल्या लेबलावर कागद सरकतो त्या दिशेने बारीक पांढरी रेघ दिसायला लागली तर प्रिंटर बंद करून थंड होऊ द्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने हेड, म्हणजे कागदाला उष्णता देणारा भाग, पुसा. पुसूनही रेघ तिथेच राहिली तर हेडचा एक ठिपका गेला आहे. ती रेघ बारकोडच्या काळ्या रेघांना समांतर जात असेल तर एखादी रेघ पूर्ण पुसली जाऊ शकते. लेबल नव्वद अंश फिरवून छापलं तर पांढरी रेघ सगळ्या काळ्या रेघांना आडवी कापते आणि बारकोड वाचला जातो. नवा हेड येईपर्यंत मी असे दोन आठवडे काढले आहेत.

थर्मल लेबलावर चिकटपट्टी अजिबात नको. पट्टीतल्या रसायनांनी लेप फिका पडतो. लेबलं उन्हात किंवा गरम जागी ठेवू नका, आणि हिशेबासाठी जपायच्या पावत्या त्यावर छापू नका. वर्षभराने कोरा कागद हातात राहील.

पत्त्याबद्दल फार सांगत नाही, फक्त टाइप करू नका. ग्राहकाने लिहिलेला पत्ता जसाच्या तसा आणा, मग वाचा. घर क्रमांक आहे का, पिनकोड आणि गावाचं नाव एकमेकांशी जुळतं का, फोन नंबरचे आकडे पूर्ण आहेत का. शंका आली तर छापण्याआधी विचारा. परतीचा पत्ता द्यायलाच हवा, तो नसेल तर न पोचलेलं पार्सल तुमच्याकडे परत येत नाही. घरचा पत्ता अनोळखी लोकांकडे जाऊ नये असं वाटत असेल, विशेषतः तुम्ही एकट्या राहत असाल तर, टपाल कार्यालयातला पोस्ट बॉक्स घ्या. ही भीती अनाठायी नाही, ती मनात दाबून ठेवू नका. आणि खोक्यात सगळ्यात वर, दोन्ही पत्ते लिहिलेली एक चिठ्ठी ठेवा. बाहेरचं लेबल निघून गेलं तरी पार्सल बोलू शकतं.

पत्त्यापेक्षा जास्त नुकसान माझं लेबलांच्या अदलाबदलीने झालं आहे. एका सणाआधी मी चौदा खोकी बंद करून रांगेत लावली, चौदा लेबलं एका दमात छापली आणि भराभर चिकटवली. दोघींना एकमेकींची भेटवस्तू गेली, आणि त्यातली एक वाढदिवसाची होती. तेव्हापासून खोकं बंद करतानाच त्याच्या कोपऱ्यावर ऑर्डर क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे पेन्सिलीने लिहिते, आणि लेबल चिकटवण्याआधी ते आकडे लेबलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहते. पार्सलामागे दोन सेकंद जातात. त्याच वेळी तीन फोटो काढते: आत मांडलेली वस्तू, काट्यावर आकडे दिसणारं बंद खोकं, आणि लेबलासकट पट्टी लावलेलं खोकं.

पार्सल सुपूर्द करताना ते तुमच्यासमोर स्कॅन होईल असं पाहा, किंवा दिवसभराच्या सगळ्या पार्सलांची एक यादी, जिला मॅनिफेस्ट म्हणतात, ती छापून त्यावर पोच घ्या. लेबल तयार झालं की ग्राहकाला संदेश जातो, पण पार्सल अजून तुमच्या टेबलावर असतं. पहिलं स्कॅन झाल्याशिवाय ते तुम्ही दिलंत याला पुरावा नाही. न वापरलेली लेबलं आठवड्यातून एक दिवस ठरवून रद्द करा. पैसे परत मिळण्याला मुदत असते आणि ती गेल्यावर कोणी ऐकत नाही.

परदेशी ऑर्डरींचंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. तिथे लेबलाबरोबर सीमाशुल्काचा नमुना जातो. टपालाने पाठवलेल्या लहान पाकिटांसाठी सीएन २२, आणि किंमत ३०० एसडीआरच्या वर गेली की सीएन २३. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. लहान पाकिटाची वजनमर्यादा २ किलो. वर्णनात 'भेटवस्तू' किंवा 'हस्तकला' लिहू नका. 'चिनीमातीचा चहाचा मग, १ नग' असं लिहा आणि एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी ठरलेला वस्तूच्या प्रकाराचा क्रमांक, द्या. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. मेणबत्त्या ३४०६ खाली येतात. पोर्सिलेनची स्वयंपाकघरातली भांडी ६९११ खाली आणि इतर मातीची ६९१२ खाली. तुमची माती कोणती ते तुम्हालाच माहीत, त्यामुळे हा कोड दुसऱ्याकडून उचलू नका. विकलेल्या वस्तूची किंमत कमी लिहा असं ग्राहक सांगेल, ते ऐकू नका. पार्सल हरवलं तर भरपाई त्या लिहिलेल्या किमतीवरच मिळते, आणि पकडलं गेलं तर नाव तुमचं असतं.

टपालाचा आंतरराष्ट्रीय माग क्रमांक तेरा अक्षरांचा असतो: दोन अक्षरं, आठ आकडे, एक तपासणीचा आकडा आणि देशाची दोन अक्षरं. तो नववा आकडा आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे ग्राहकाला हाताने लिहून पाठवताना तुमचा एक आकडा चुकला तर 'क्रमांक अवैध' असं येतं. पार्सल हरवलं असं समजून घाबरू नका, आधी क्रमांक पुन्हा ताडा.

मेणबत्ती सहसा कुठेही जाते. पण तुम्ही सुगंधी तेल, अल्कोहोलचा रूम स्प्रे किंवा बॅटरीवर चालणारी दिव्याची मेणबत्ती विकायला घेणार असाल तर आधी सेवेची निषिद्ध वस्तूंची यादी वाचा. अल्कोहोलचे सुगंध ज्वलनशील धरले जातात. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या, ज्यांचा धोकादायक मालाच्या यादीतला क्रमांक यूएन ३४८०, त्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून मालवाहतुकीला पूर्ण बंद आहेत. हा प्रश्न नुसत्या दंडाचा नाही. त्या विमानात माणसं बसलेली असतात.

राहिली ती सहा पार्सलं. त्यांचे पैसे गेले असं धरून बसू नका. कापलेल्या प्रत्येक रकमेपुढे यंत्राने घेतलेलं वजन आणि माप तुमच्या खात्यात दिसतं. ते काढा, तीच खोकी घरात असतील तर बाहेरून मोजा आणि ५००० ने भागून पाहा. चार-पाचांत आकडा जुळेल असं मला वाटतं. एखाद्यात यंत्राचं माप तुमच्या खोक्याशी अजिबात जुळत नसेल, उदाहरणार्थ २० सेंटिमीटरच्या जागी ४० लागलं असेल, तर खोक्याच्या मापाचा फोटो लावून आक्षेप नोंदवा. यंत्रही चुकतं, दोन पार्सलं पट्ट्यावर चिकटून गेली की एक धरून मोजतं. मला असे पैसे परत मिळाले आहेत. आक्षेपाची मुदत थोडी असते, त्यामुळे प्रिंटरचा शोध उद्यावर टाका आणि आज हे करा.